साताऱ्यात बनणारा सीओटू-पीएम मॉनिटर बाहेर विकायचाय : आधी कोणता माल, कोणता देश?

यवतेश्वर७ (सातारा)

नमस्कार मंडळी. सातारा एमआयडीसीत छोटं युनिट आहे, महिन्याला दीडशे नगांपर्यंत माल निघतो. वस्तू दोन.

पहिली भिंतीवरचा इनडोअर मॉनिटर : एनडीआयआर (इन्फ्रारेड उजेडावर चालणारा) सीओटू सेन्सर, लेझरवर चालणारा पीएम २.५ (हवेतले बारीक कण), तापमान-आर्द्रता. ईएसपी३२ मॉड्यूलचं (तयार रेडिओ चिपचं) वायफाय, लाइट गेली तरी चालावा म्हणून आत १८६५० लिथियम सेल, बाहेर ५ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. दुसरी बाहेर लावायचा नोड : पीएम, एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड), ओझोन (दोन्ही इलेक्ट्रोकेमिकल, म्हणजे रासायनिक सेलवर), फोरजी आणि सोलर पॅनेल.

नेदरलँड्समधल्या ग्रीनहाऊस कंट्रोलवाल्यांची विचारणा आहे, दुबईतल्या बिल्डिंग मेंटेनन्सवाल्यांचीही. दोघांनी पाच-पाच नमुने मागितलेत. आयईसी (आयात-निर्यात कोड) काढलाय, पुढे पाटी कोरी. सीई (युरोपात विकायला मालावर लागणारी खूण) म्हणजे नेमकं काय करायचं? कुठली वस्तू आधी? कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आमच्याच लेटरहेडवर चालेल का? बॅटरीचं काय? "आधी माल पाठवा, मग बघू" म्हणणारे पुष्कळ भेटले, म्हणून इथे विचारतोय.

कृष्णाकाठ (सांगली)

बाहेरचा नोड सध्या कपाटात ठेवा. इलेक्ट्रोकेमिकल सेलचं आयुष्य साधारण दोन वर्षं, आणि त्यातले काही महिने तुमच्या स्टोअरमध्ये आणि वाटेतच जातात. ओझोनचा सेल एनओटूलाही भुलतो, त्यामुळे तुमचा ओझोनचा आकडा म्हणजे दोन सेलची वजाबाकी, आणि वजाबाकीत दोन्हींच्या चुका गोळा होतात. वर ५० अंशांची मर्यादा. दुबईत जुलैच्या उन्हात बंद डबीच्या आत ती सहज ओलांडली जाते. तिथे जाऊन सेल कोण बदलणार, याचं उत्तर तयार होईपर्यंत तो माल इथेच विका.

आता इनडोअर मॉनिटर. त्यातून वायफाय काढा, १८६५० काढा, अ‍ॅडॅप्टर काढा. २४ व्होल्ट डीसी इनपुट द्या, आरएस-४८५ केबलवर मॉडबस (औद्योगिक उपकरणांची बोली) द्या आणि जोडीला ०-१० व्होल्ट आऊटपुट. ग्रीनहाऊसचे कंट्रोलर आणि बिल्डिंगच्या बीएमएस (इमारतीचं नियंत्रण करणाऱ्या) सिस्टीम, दोन्हींना हीच भाषा कळते. कायद्याच्या अंगाने फरक केवढा पडतो बघा. रेडिओ नाही, म्हणून युरोपचा रेडिओ उपकरणांचा निर्देश (कायदा) २०१४/५३ लागू नाही. लो व्होल्टेज निर्देश डीसीसाठी ७५ व्होल्टपासून सुरू होतो, तुम्ही २४ वर आहात, तोही नाही. उरतात दोन : ईएमसी (विद्युतचुंबकीय त्रास न देणं आणि सोसणं) २०१४/३० आणि रोह्स (शिशासारखे घातक पदार्थ नसणं) २०११/६५. दोन्हींत स्वतःच घोषणापत्र करता येतं, नोटिफाइड बॉडी (मान्यताप्राप्त तपासणी संस्था) लागत नाही.

ईएमसीसाठी युरोपीय मानक ईएन ६१३२६-१, मोजमापाच्या उपकरणांचं. चाचणी पुण्यात एआरएआय किंवा मुंबईत समीर या संस्थांकडे होते. जाण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या, कारण बहुतेक बोर्ड तिथेच पडतात. एक, २४ वरून ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर. ३० ते २०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो ओरडतो (रेडिओ गोंगाट करतो), आणि आरएस-४८५ ची लांब केबल त्याची अँटेना होते. केबल आत येते त्याच जागी कॉमन मोड चोक टाका, कन्व्हर्टरचा लूप आवळा. दोन, बर्स्ट (तारेवर विजेचे झटके सोडायच्या) चाचणीत मॉडबस अडकतो आणि पॉवर बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही. टीव्हीएस (झटका गिळणारे) डायोड हवेतच, शिवाय यूआर्टसकट (सीरियल पोर्टसकट) सगळं रीसेट करणारा वॉचडॉग (अडकलेली चिप उठवणारा टायमर) हवा. तीन, इंडस्ट्रियल म्हणून विकायचं तर रेडिएटेड इम्युनिटी (बाहेरच्या रेडिओ लहरी सोसायची चाचणी) १० व्होल्ट प्रति मीटरला करा, ३ ला नाही. इन्व्हर्टर ड्राइव्हशेजारी लागणारा माल ३ वर पास करून काय उपयोग?

रोह्ससाठी प्रत्येक पार्टच्या सप्लायरचं डिक्लरेशन फाइलला लावा. सोल्डर वायरचं विसरू नका. मशीन लेड-फ्री आणि हातजोडणीच्या टेबलावर ६०-४० चं (शिसेवालं) रीळ, हे आपल्याकडे नेहमीचं. टेक्निकल फाइल (डिझाइन आणि चाचण्यांचे कागद) दहा वर्षं सांभाळायची असते.

शिवाय १६ जुलै २०२१ पासून अशा मालासाठी युरोपात जबाबदार पत्ता लागतो (नियमन २०१९/१०२०, कलम ४). डच खरेदीदार इंपोर्टर म्हणून तो देऊ शकतो, फक्त ते ईमेलवर नाही, करारात लिहून घ्या. तो स्वतःचं नाव छापून विकणार असेल तर कायद्याने उत्पादक तोच ठरतो. घोषणापत्र त्याचं, तुम्ही टेस्ट रिपोर्ट आणि फाइल द्यायची. पहिल्या दोन वर्षांसाठी मला हाच रस्ता बरा वाटतो. मालावर आपलं नाव दिसत नाही एवढाच काय तो तोटा.

आणि ब्रोशरवरचे शब्द जपून वापरा. 'अलार्म' लिहिलंत आणि उद्या कार्बन मोनॉक्साइड घातलात की ईएन ५०२९१ च्या वर्गात जाल. ती वेगळीच चाचणी आहे.

वारणा_मापन (इस्लामपूर)

वरच्या सगळ्याला दुजोरा. मी फक्त आकड्यांबद्दल लिहितो, कारण नमुने परत येतात ते बहुतेक आकड्यांमुळे.

सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर. हवेचा दाब साधारण ९३० हेक्टोपास्कल. एनडीआयआर सेन्सर मोजतो ते डब्यातले सीओटूचे रेणू. पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आपण त्यावरून काढतो. साताऱ्यात सिलिंडर लावून १००० पीपीएमला बसवलेला नग ॲमस्टरडॅमला १०१३ हेक्टोपास्कलला गेला की त्याच १००० पीपीएमच्या हवेत १०९० च्या आसपास दाखवणार. नऊ टक्के चूक, आणि सेन्सरात दोष काहीच नाही. दुबईतही तेच. उलट नैरोबी, जोहान्सबर्गला विकलात तर कमी दाखवेल. शंभर-दीडशे रुपयांचा दाबमापक बोर्डावर घाला आणि त्याचं रीडिंग सीओटू सेन्सरला सतत पुरवा. एससीडी३०, एससीडी४१ या सीओटू सेन्सरांत दाब लिहायची सोय आहे, ती वापरलेली फारशी दिसत नाही. सर्टिफिकेटवर कॅलिब्रेशनच्या वेळचा दाब छापा.

ऑटो बेसलाइन तपासलीत का? हे फीचर धरून चालतं की आठवडाभरातलं सगळ्यात कमी रीडिंग म्हणजे बाहेरची ४०० पीपीएमची हवा. ऑफिसात ठीक, रात्री माणसं घरी जातात. ग्रीनहाऊसमध्ये दिवसा मुद्दाम सीओटू सोडून ८००-१००० ठेवतात, रात्री झाडं स्वतः सोडतात, आणि हिवाळ्यात खिडक्या उघडतच नाहीत. तिथे आठवड्याचं सगळ्यात कमी रीडिंग ६०० असेल तर सेन्सर त्यालाच ४०० समजायला लागतो. मग कंट्रोलरला वाटतं सीओटू कमी आहे, तो व्हॉल्व्ह उघडतो, आणि बिल शेतकऱ्याला येतं. ग्रीनहाऊसच्या मालात ऑटो बेसलाइन कारखान्यातच बंद करून पाठवा आणि हाताने कॅलिब्रेट करायची मॉडबस रजिस्टर मॅन्युअलमध्ये द्या. (बाहेरची हवाही आता ४२० च्या वर गेली आहे, त्यामुळे ४०० हा आकडा तसाही जुना झालाय.)

ग्रीनहाऊसमधली दुसरी भानगड गंधक. भुरी रोगासाठी तिथे गंधकाची वाफ देतात. चांदी असलेले रेझिस्टर टर्मिनल आणि उघडे कनेक्टर काळे पडतात, वर्षा-दीड वर्षात रीडिंग उड्या मारायला लागतं. बेदाण्याच्या धुरीच्या खोलीत स्विच ठेवून बघा, कळेल. उपाय : अँटी-सल्फर रेझिस्टर, कॉन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावरचा संरक्षक थर) आणि सेन्सरवर पीटीएफई (टेफ्लॉन) पडदा. कोटिंग फवारताना सीओटू सेन्सरची जाळी आणि आर्द्रता सेन्सरचं भोक टेपने झाकायचं, नाहीतर दोन्ही मेले.

पीएमबद्दल. लेझर सेन्सर कण मोजत नाही, विखुरलेला उजेड मोजतो. आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा दीड-दोन पट होतो. जुलैत दोन नग महाबळेश्वरच्या धुक्यात ठेवा, चित्र स्पष्ट दिसेल. त्यावर करेक्शन लागतंच. अमेरिकेच्या ईपीएने (सरकारी पर्यावरण संस्थेने) पर्पलएअर सेन्सरसाठी वापरलेलं समीकरण प्रसिद्ध आहे : ०.५२४ गुणिले सेन्सरचं रीडिंग, वजा ०.०८६२ गुणिले आर्द्रता, अधिक ५.७५. ते जसंच्या तसं उचलू नका. ते त्यांच्या सेन्सरला आणि त्यांच्या धुराला बसवलेलं आहे; आपल्याकडे चिपाडाचा धूर, आखातात वाळू.

वाळूचा मुद्दा दुबईसाठी महत्त्वाचा. हे स्वस्त सेन्सर जाड कण जवळजवळ पाहतच नाहीत. पीएम १० म्हणून जो आकडा देतात तो बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. धुळीच्या वादळात बाहेर दिसेनासं झालेलं आणि तुमचा डिस्प्ले हिरवा, असं झालं तर ग्राहक परत यायचा नाही. आखाती मालावर पीएम १० दाखवूच नका.

एक्यूआयचा (हवा गुणवत्ता निर्देशांकाचा) रंगसुद्धा देशागणिक बदलतो. पीएम २.५ चा २४ तासांचा ६० हा आकडा आपल्या एक्यूआयमध्ये बरोबर १०० वर, म्हणजे 'समाधानकारक'च्या कडेला. अमेरिकेच्या तक्त्यात तोच १५० च्या पुढे, 'अनहेल्दी'. फर्मवेअरमध्ये तक्ता निवडायची सोय ठेवा, मुख्य आकडा मायक्रोग्रॅममध्येच दाखवा.

सर्टिफिकेट : स्वतःचं लेटरहेड नमुन्यांना चालेल, ऑर्डरला नाही. आयएसओ १७०२५ ची (लॅबच्या दर्जाच्या मानकाची) एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी भारतीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबकडून दोन-तीन मास्टर नग कॅलिब्रेट करून घ्या आणि बाकीचे त्यांच्याशी जुळवा; सर्टिफिकेटवर मास्टरचा नंबर लिहा. एनएबीएल आयएलएसी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परस्पर मान्यतेत आहे, त्यामुळे डच माणूसही तो कागद वाचून गप्प बसतो. लॅबच्या मान्यतेच्या व्याप्तीत सीओटू आहे का, हे आधी पाहा. 'एनएबीएल लॅब' म्हणजे सगळंच त्यात येतं असं नाही.

यवतेश्वर७ (सातारा)

दाबाचं डोक्यातच नव्हतं. आमचा सिलिंडर ८०० पीपीएमचा आहे आणि सगळे नग इथेच बसवतो.

दोन शंका. दुबईवाले म्हणतात वायफाय हवंच, जुन्या इमारतीत केबल ओढणार नाहीत. आणि पीएमची अचूकता सिद्ध करायला किती नग, किती दिवस लावायचे?

कृष्णाकाठ (सांगली)

वायफायचा माल दुसऱ्या टप्प्यात, वेगळ्या मॉडेल नंबरने. यूएईत रेडिओ असलेल्या वस्तूला टीडीआरएची (तिथल्या दूरसंचार नियामकाची) टाइप अप्रूव्हल (मॉडेलची मंजुरी) लागते, आणि ती मिळवायला बहुतेक वेळा युरोपचे रेडिओ टेस्ट रिपोर्टच मागतात. म्हणजे तो खर्च होणारच.

इथे सगळ्यांची एक चूक होते. 'ईएसपी मॉड्यूलला सीई आहे, मग आपल्याला काय करायचंय?' अमेरिकेत मॉड्युलर मंजुरी चालते : अँटेना बदलली नाही, दुसरा रेडिओ शेजारी बसवला नाही, तर डबीवर 'कंटेन्स एफसीसी आयडी' (आतल्या मॉड्यूलचा मंजुरी नंबर) लिहून बाकी डिजिटल भागाची चाचणी केली की झालं (पण त्या घोषणेसाठी अमेरिकेत पत्ता असलेला जबाबदार पक्ष लागतो). युरोपात तशी सोयच नाही. मॉड्यूलचे रिपोर्ट कामी येतात, पण तयार वस्तूची जबाबदारी तुमचीच. ईएन ३०० ३२८ (वायफायचा रेडिओ), ईएन ३०१ ४८९ चे भाग (रेडिओ वस्तूंचं ईएमसी), सुरक्षा, आणि १ ऑगस्ट २०२५ पासून सायबर सुरक्षाही.

सायबरचं मानक ईएन १८०३१. त्यातली अडचण बारीक आहे : वापरणाऱ्याला पासवर्ड न ठेवायची मुभा दिलीत तर स्वयंघोषणेचा रस्ता बंद आणि नोटिफाइड बॉडीकडे जावं लागतं. म्हणून सगळ्या नगांना एकच 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' विसरा. प्रत्येक नगाचा वेगळा पासवर्ड स्टिकरवर, पहिल्या लॉगिनला बदलायची सक्ती, सही तपासल्याशिवाय फर्मवेअर घ्यायचं नाही, आणि यूआर्टची डीबग पिन उत्पादनात बंद. पुढे सायबर रेझिलियन्स ॲक्ट आहे : त्रुटी कळवायची जबाबदारी ११ सप्टेंबर २०२६ पासून, बाकी सगळं ११ डिसेंबर २०२७ पासून. तो फक्त रेडिओपुरता नाही, मॉडबसवाल्या मालाकडेही वळणार. फर्मवेअरमध्ये कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती आहे याची यादी आजपासून ठेवा. दोन वर्षांनी मागे जाऊन ती बनवणं म्हणजे डोकेदुखी.

वारणा_मापन (इस्लामपूर)

पीएमसाठी ईपीएची २०२१ ची चाचणी पद्धत घ्या, अमेरिकेत विकणार नसलात तरी. किमान तीन नग, रेफरन्स उपकरणाशेजारी किमान ३० दिवस, दोन वेगळ्या जागी किंवा दोन वेगळ्या ऋतूंत. २४ तासांच्या सरासरीवर रेफरन्सशी तुलनेच्या रेषेचा उतार १ च्या वर-खाली ०.३५ पर्यंत, आर-स्क्वेअर (जुळणीचं माप) ०.७० किंवा जास्त, आरएमएसई (चुकीचं सरासरी माप) ७ मायक्रोग्रॅमपर्यंत किंवा सापेक्ष ३० टक्क्यांपर्यंत. आपल्या हिवाळ्यात पातळी जास्त असते, म्हणून सापेक्ष निकष धरा. तीन नग एकमेकांशी किती जुळतात हेही छापा. खरेदीदार आधी तेच विचारतो, कारण त्याला शंभर नग घ्यायचेत आणि शंभरांत फरक नकोय.

नळी न लावता, एकाच उंचीवर, रेफरन्सच्या इनलेटपासून दोन-चार मीटरच्या आत. डबीच्या भोकावर बारीक स्टीलची जाळी लावा. पंखा असलेल्या डबीत कोळी महिन्याभरात घर करतो आणि रीडिंग वर चढून बसतं.

सगळा कच्चा डेटा सीएसव्हीत द्या, खराब दिवसांसकट. ग्राहकाला सुंदर आलेखापेक्षा तोच जास्त पटतो. युरोपात पुढे बाहेरचा माल विकायचा तर सीईएन टीएस १७६६० आहे, भाग १ वायूंसाठी, भाग २ कणांसाठी. सध्या लांबची गोष्ट.

मिरज_जंक्शन

कागदपत्रांचं मी सांगतो. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून यादरम्यान पोर्टलवर जाऊन अपडेट करायची, बदल नसला तरी. राहिलं तर कोड बंद पडतो, आणि ते कळतं माल कार्गोत पोहोचल्यावर. एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) प्रत्येक आर्थिक वर्षाला नवीन, फॉर्म आरएफडी-११. नसेल तर आयजीएसटी भरून परतावा मागत बसायचं. ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार तिथे बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचा व्यवहार बघणाऱ्या शाखेचा नंबर) आइसगेटवर (कस्टम्सच्या पोर्टलवर) नोंदलेला हवा.

एचएसएन (मालाच्या वर्गाचा नंबर) : सीओटू आणि पीएम मुख्य काम असेल तर ९०२७, वायू-धूर विश्लेषणाची उपकरणं ९०२७१०. नुसतं तापमान-आर्द्रता असेल तर ९०२५. पहिले सहा अंक जगभर सारखे, म्हणून इन्व्हॉइस करण्याआधी खरेदीदाराच्या ब्रोकरला विचारून तेच लिहा. दोन्हीकडे वेगळे पडले तर माल तिथे अडकतो आणि भाडं तुमच्या नावावर चढतं.

पाच नमुने असले तरी किंमत शून्य लिहू नका. कुरियरने सीएसबी-५ वर (कुरियरच्या शिपिंग बिलावर) पाठवा, तो रीतसर निर्यात धरला जातो. प्रत्येक नगाचा सीरियल नंबर इन्व्हॉइसवर लिहा. हा कंटाळवाणा भाग सगळे टाळतात. नग दुरुस्तीला परत आला की 'हा आमचाच, इथूनच गेलेला' हे कस्टम्सला दाखवायला दुसरं काही नसतं, आणि मग स्वतःच्याच मालावर आयात शुल्क भरावं लागतं.

भाव एफसीए द्या (निर्यातीचे कागद आपण करायचे, माल त्यांच्या वाहतूकदाराच्या ताब्यात द्यायचा). डीडीपी मागितलं तर नाही म्हणा. त्यात त्यांच्या देशातला व्हॅट आणि शुल्क तुमच्या गळ्यात. एक्सवर्क्ससुद्धा (कारखान्याच्या दारातच ताबा) नको, निर्यातीचा कागद आपल्या हातात राहत नाही. पैसे पहिल्या ऑर्डरला आगाऊ, पुढे उधारी द्यायचीच झाली तर ईसीजीसीचं (निर्यात उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचं) कव्हर घेऊन.

सेन्सर बाहेरून येतात म्हणून अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन (निर्यातीच्या मालासाठी सुटे भाग शुल्काविना आणायचा परवाना) घ्या असं कोणी सांगेल. १८ महिन्यांत निर्यात करायचं बंधन आणि हिशेबाची वही. महिन्याला दीडशे नगांवर तो खटाटोप परवडत नाही. ड्रॉबॅक (आयात शुल्काचा परतावा) घ्या, शिपिंग बिलात रोडटेपचा (इतर करांच्या परताव्याचा) दावा टिक करा. यूएईशी सेपा (व्यापार सवलतीचा) करार १ मे २०२२ पासून आहे, पण आयात सेन्सर बसवलेला माल आपोआप 'भारतीय मूळ' ठरत नाही. खर्चाचा तक्ता मांडून मगच सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा अर्ज करा.

वायफायच्या मॉडेलात सेल ठेवणारच असाल तर : २६०० एमएएचचा १८६५० म्हणजे साधारण ९.६ वॅट-तास, उपकरणात बसवलेला, म्हणून यूएन ३४८१ (धोकादायक मालाचा नंबर), विमानाची पॅकिंग सूचना ९६७. सेल बनवणाऱ्याकडून यूएन ३८.३ चा (लिथियम सेलच्या वाहतूक सुरक्षा चाचणीचा) टेस्ट समरी कागद आधी घ्या, मगच सेल खरेदी करा. बाजारातला खुला सेल आणलात तर तो कागद मिळत नाही आणि कुरियर पार्सल घेत नाही. दोन सेल जोडून पॅक केलात की त्या पॅकची चाचणी वेगळी. चार्ज ३० टक्क्यांपर्यंतच ठेवा, स्विच वाटेत दाबला जाणार नाही असा बसवा.

तासगाव_शीतगृह

सगळं बरोबर, पण मला घाई वाटते. सांगली-साताऱ्याचा माल बाहेर कशातून जातो? द्राक्षाच्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमधून. तापमान-आर्द्रतेचा लॉगर (वाटेतल्या नोंदी ठेवणारं यंत्र) बनवा, निर्यातदार इथेच आहेत, लॉगर त्यांच्या पेटीबरोबर रॉटरडॅमला पोहोचतो. बोली न लावता युरोपात माल गेला. मानक ईएन १२८३०. द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, त्यामुळे अचूकता तिथेच सिद्ध करायची, २५ अंशाला नाही.

वारणा_मापन (इस्लामपूर)

कल्पना चांगली, धंदा वेगळा. लॉगर पेटीतून फेकून दिला जातो, त्यामुळे भावावर मारामारी. बनवलात तर एवढं लक्षात ठेवा : द्राक्षाच्या पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड असतो. महिनाभर शून्य अंशाला, ओलाव्यात, त्या वायूत. उघडा आर्द्रता सेन्सर त्यात सरकतो आणि बॅटरीचा क्लिप हिरवा पडतो. तापमानाचा सेन्सर सीलबंद ठेवा, आर्द्रता वगळलीत तरी बिघडत नाही.

यवतेश्वर७ (सातारा)

ठरलं असं : मॉडबसचा नग, दाबमापकासह, ऑटो बेसलाइन बंद, ग्रीनहाऊससाठी पाच नमुने. दुबईला पुढच्या वर्षी. शेवटचं एकच : दाबमापक डबीच्या आत बसवला तर चालेल ना, पीएमचा पंखा आत आहे म्हणून विचारतोय.

वारणा_मापन (इस्लामपूर)

चालेल. छोट्या पंख्याने पडणारा फरक काही पास्कलचा, तुम्हाला हेक्टोपास्कल लागतात. पण बक कन्व्हर्टरपासून लांब ठेवा, आणि आर्द्रता सेन्सर तर डबीच्या खालच्या कोपऱ्यात, पीसीबीत खाच कापून वेगळा. आतली उष्णता वर जाते. वर बसवलात तर तापमान दोन-तीन अंश जास्त दाखवेल आणि आर्द्रता तेवढ्यामुळे दहा टक्क्यांनी खोटी पडेल. नमुने पाठवायच्या आधी एक नग उलटा टांगून बघा. इन्स्टॉल करणारे कधीकधी तसाच लावतात.